भुशाची कोठी

माझ्या व्याह्यांनी मला फसवलं. व्याही म्हणजे माझ्या लेकीचे सासरे. इंदिरानगरला राहतात, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत, चेहऱ्याने इतके गरीब की रिक्षावाला स्वतःहून सुट्टे पैसे परत करतो. या माणसाने माझी नात माझ्या घरातून नेली, तीही माझ्याच हातांनी, माझ्याच दुकानातल्या मालाने. मी सायकलला भांडी बांधून गल्लोगल्ली फिरलेला माणूस आहे. आज मेनरोडच्या मागे माझं स्टीलच्या भांड्यांचं दुकान आहे आणि गंगापूर रोडला फ्लॅट. समोरचा माणूस किती उतरणार हे मी त्याच्या पापणीवरून सांगतो. पण ज्याला घासाघीस म्हणजे काय हेच माहीत नाही, त्याच्यापुढे माझी सगळी विद्या फुकट गेली. अख्ख्या नाशकात इतका निरुपद्रवी आणि इतका धोक्याचा माणूस दुसरा सापडायचा नाही.

निवृत्त झाल्यावर लोक देवदर्शनाला जातात, नाहीतर सोसायटीच्या सेक्रेटरीशी भांडतात. आमच्या व्याह्यांनी सीएनसी राऊटर घेतला. टेबलाएवढं मशीन, वर गरगर फिरणारं पातं, आणि कॉम्प्युटर सांगेल तसं ते पातं लाकडावर पुढेमागे जाऊन नक्षी कोरतं. पहिल्या वर्षात त्यांनी नातेवाइकांना नावाच्या पाट्या कोरून दिल्या. माझ्याकडे तीन आहेत. दारावर एक, दुकानात एक, आणि तिसरी कुठे लावायची म्हणून विचारलं तर म्हणाले, "राहू द्या शेठ, पुढेमागे घर बदललंत तर?" नातेवाईक संपल्यावर त्यांनी तुळशीला पाटी केली, पाण्याच्या मीटरला केली, गल्लीतल्या एका कुत्र्यालाही केली. कुत्र्याने ती मान्य केली नाही.

पाट्या चांगल्या होत्या, तक्रार पाट्यांची नव्हती. तक्रार भुशाची होती. मशीन हॉलच्या शेजारच्या खोलीत, आणि लाकडाचा तो पिठासारखा भुसा अख्ख्या घरात. सोफ्यावर बसलं की बसणाऱ्याचा आकार उमटायचा. विहीणबाई पोळ्या लाटायच्या आधी पोळपाट धुवायच्या आणि लाटून झाल्यावर पोळ्या झटकायच्या. व्याही स्वतः तोंडाला मास्क लावून फिरायचे, जेवताना तो हनुवटीवर सरकवायचे, आणि भुशाने भरलेला चष्मा भुशाने भरलेल्या सदऱ्याला पुसून "आता कसं लख्ख दिसतंय" म्हणायचे. एकदा चहावर साय समजून मी जे बोटाने बाजूला केलं ते सागाचं निघालं. "पेठकडचा आहे," व्याही कौतुकाने म्हणाले, "जुना साग. बाजारात मिळत नाही." मी कप खाली ठेवला. दुसरा कुणी असता तर कप भिंतीवर गेला असता. पण लेकीचे सासरे म्हटल्यावर माणसाला राग गिळायला लागतो, आणि माझा राग सागापेक्षा पचायला जड आहे.

लेक पहिल्या बाळंतपणाला माझ्याकडे आली, नात झाली. बारशाला व्याही आले ते हातात पेटती उदबत्ती घेऊन. मला वाटलं, देवापुढे लावणार. ते गेले खिडकीपाशी. मग पाळण्यापाशी, मग पंख्याखाली. धूर कुठे वळतो ते डोळे बारीक करून बघायचे. पाळणा म्हणणाऱ्या बायका गप्प झाल्या. "शेठ, तुमच्या हॉलमध्ये वारा दक्षिणेकडून शिरतो आणि कोपऱ्यात रुसून बसतो," त्यांनी जाहीर केलं. तेव्हाच मी संधी साधली. सगळ्यांच्या देखत म्हणालो, "साहेब, वारा राहू द्या. तुमच्या घरात एवढा भुसा उडतो. तान्ह्या पोराच्या छातीत काय जाईल? भुसा थांबेपर्यंत माझी नात इथेच राहील." विहीणबाई पटकन म्हणाल्या, "बरोबर बोललात! मी तर म्हणते, ते मशीनच विका." व्याह्यांचा चेहरा उदबत्तीच्या राखेसारखा झाला. जावई मोबाईलमध्ये बघत बसले. मी मनात हिशोब केला: हा माणूस भुसा थांबवणार कधी आणि माझी नात जाणार कधी! सौदा पक्का झाला होता. निदान मला तसं वाटलं.

दुसऱ्याच दिवशी फोन. "शेठ, मी वारा खेचणारी व्यवस्था करतोय. पात्याजवळच भुसा उचलायचा, पाइपातून न्यायचा, डब्यात पाडायचा. तुम्ही खरेदीला चला. मला कुणी भाव सांगितला की मी हो म्हणून टाकतो." आता खरेदीला चला म्हटल्यावर मी नाही म्हणूच शकत नाही, तो माझा दोष समजा. सातपूरच्या भंगारवाल्याकडे जुना ब्लोअर होता. मी त्याला आवाज आहे म्हणून नावं ठेवली, गंज आहे म्हणून ठेवली, निघून गेल्यासारखं करून गाडीपर्यंत जाऊन आलो. भंगारवाला घामाघूम होऊन शेवटच्या आकड्यावर आला, तोच व्याही कळवळून म्हणाले, "अहो, पण यात ह्यांना परवडेल का?" भंगारवाल्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. "साहेब, तुम्हीच बघा ना, हे काका ऐकतच नाहीत!" आणि भाव पुन्हा वर. मी व्याह्यांना हाताला धरून गाडीत नेऊन बसवलं, काच वर केली, आणि सौदा नव्याने सुरू केला. पुढच्या प्रत्येक खरेदीला हीच पद्धत ठेवली. पाइपाच्या दुकानात गेलो की त्यांना उसाचा रस प्यायला पाठवायचो. तिथेही ते रसवाल्याला पूर्ण ग्लासाचे पैसे देऊन अर्धा ग्लास पिऊन यायचे, "त्याचा ऊस महाग झालाय हो."

पण काय सांगू, त्या कामात मजा यायला लागली! व्याह्यांना आयुष्यभर कालव्यांचं वेड, त्यामुळे त्यांच्या मते वारा म्हणजे पाणीच. "वळण जेवढं काटकोनात, तेवढा प्रवाह अडतो, शेठ. लांबट वळण द्या, बघा कसा खुशीत जातो." एका मोठ्या नरसाळ्यात वारा कडेने सोडायचा, तो ताकासारखा घुसळत फिरतो, भुसा कडेला आपटून खाली डब्यात पडतो आणि स्वच्छ वारा वरून बाहेर. हे त्यांनी मला आमच्याच जेवणाच्या टेबलावर वाटीत वरण फिरवून दाखवलं. वरण माझ्या शर्टावर आलं. "बघा, कडेला गेलं ना!" म्हणाले. पात्याभोवती झालर पाहिजे, म्हणजे भुसा उडायच्या आत पकडता येईल, म्हणून एकदा त्यांनी घरातली केरसुणी कापून लावली. साधी केरसुणी नव्हे, लक्ष्मीपूजनाला हळदकुंकू वाहिलेली. विहीणबाईंनी दोन दिवस अबोला धरला. "अगं, लक्ष्मीच आहे ती, आता मशीनवर बसवली, कमी का मान दिला?" एवढं बोलून व्याह्यांनी तो अबोला आठवडाभर लांबवला. शेवटी केरसुणीच्या काड्या तुटून पाइपात अडकल्या आणि देवीचा कोप झाला असं दोघांनी आपापल्या परीने मान्य केलं. पुढे झालर केली शटरखाली लावतात त्या ब्रशाच्या पट्टीची.

एका दुपारी पाइप जोडून झाले. "हात लावा, शेठ, आतून माल जातोय ते कळेल." मी हात लावला आणि मला असा झटका बसला की तोंडातून जे बाहेर पडलं ते व्याह्यांसमोर बोलायचं नसतं. ते मात्र टाळ्या पिटत होते. "म्हणजे भुसा घासला जातोय! वीज तयार होतेय! प्रवाह चालू आहे!" मग त्यांनी पाइपाला तांब्याची तार गुंडाळून ती जमिनीत नेली. पण पहिला झटका मला देऊन.

आणि मग आला चाचणीचा दिवस. नरसाळ्याखाली निळा प्लास्टिकचा पिंप. ब्लोअर सुरू झाला, मशीन सुरू झालं, व्याही उदबत्ती घेऊन पाइपाच्या सांध्यांवरून फिरत होते. "बघा, कुठेच गळत नाही, शेठ, कुठेच..." आणि धाड! ब्लोअरने इतक्या जोराने वारा खेचला की पिंपाच्या पोटाला खळगा पडून तो जागच्या जागी चपटा झाला, कुणी वरून लाथ घातल्यासारखा. झाकण सुटलं, आणि साठलेला सगळा भुसा एका श्वासात खोलीभर. आम्ही दोघं पीठ लावलेल्या माशांसारखे उभे. दारात विहीणबाई. त्यांनी फक्त एवढंच म्हटलं, "उद्या गिऱ्हाईक बोलवा." आणि दार लावून घेतलं.

इथे मी गप्प बसायला हवं होतं. मशीन विकलं जाणार होतं, किंवा व्याही महिनोन्‌महिने धडपडत बसणार होते. कसंही झालं तरी नात माझ्याकडेच राहणार होती. मी जिंकलो होतो. पण तो चपटा पिंप बघून माझं डोकं फिरलं. भांड्याच्या धंद्यात हयात घातलेल्या माणसापुढे कुणी असला टाकाऊ डबा ठेवावा? मी ओरडलो, "अहो साहेब, प्लास्टिक काय घालता! पत्रा पाहिजे, पत्रा! गोल, जाड, काठाला वळी मारलेला!" त्याच पावली दुकानात गेलो आणि धान्याची सगळ्यात जाड पत्र्याची स्टीलची कोठी रिक्षात घालून आणली. झाकणाच्या कडेला फट होती, ती व्याह्यांनी आधी कणकेने बुजवली, मुंग्या आल्या. मग मीच सायकलची ट्यूब कापून रिंग बसवली. पुन्हा ब्लोअर सुरू केला. कोठीवर हात ठेवला. ती हलली नाही, वाकली नाही, नुसती गुणगुणत राहिली. पात्याखालून भुसा उठतोय न उठतोय तोच झालरीत गडप! मी लहान पोरासारखा ओरडलो, "खातेय! साहेब, खातेय!" व्याह्यांनी मला मिठी मारली. विहीणबाई दार उघडून बघतायत तर दोन म्हातारे एका कोठीभोवती नाचतायत.

तरीही मी शेवटचा डाव टाकला. म्हणालो, नुसत्या डोळ्यांनी बघून मी माल घेत नाही, परीक्षा होऊ द्या. विहीणबाईंनी संक्रांतीची काळी साडी काढली आणि हॉलमधल्या दिवाणावर उलगडून अंथरली. सकाळपासून मशीन चाललं. दुपारी मी चष्मा लावून, भांड्याचा पोचा शोधतात तसा, साडीवरून बोट फिरवत गेलो. काठापाशी सापडली! पांढरी, बारीक पूड. "हे काय?" मी गरजलो. "हा भुसा नाही तर काय आहे?" व्याही घाबरून पुढे आले. चिमटीत पूड घेतली, हुंगली, आणि माझ्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "शेठ, ही पावडर आहे. बाळाची. तुमच्या खांद्यावरून पडली. सकाळी तिला घेऊन बसला होतात ना?" विहीणबाईंनी साडीची घडी घातली, सावकाश. भाव ठरला होता आणि मला एक पैसाही उतरवता आला नव्हता.

चांगल्या दिवशी लेकीची ओटी भरली, नातीला काजळाची तीट लावली आणि इंदिरानगरला पाठवलं. गाडीत बसताना व्याही म्हणाले, "तुमच्या कोठीमुळेच झालं हो सगळं." ते मनापासून म्हणाले. तेच तर सहन होत नाही.

परवा लेक दुपारभर माहेरी आली होती. नात झोपेना. पाळण्यात नाही, खांद्यावर नाही, माझ्या मांडीवर तर नाहीच. लेक म्हणाली, "बाबा, तिला तिकडे ब्लोअरच्या आवाजाची सवय झालीय. तो सुरू असला की गाढ झोपते." मी रागाने व्याह्यांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. पाच मिनिटांत मोबाईलवर त्यांनी आवाज पाठवला. नुसती घुंऽऽ घरघर, आणि मधेच त्यांचा खोकला. लावला, आणि पोरगी झोपली. मी तासभर मोबाईल हातात धरून हललो नाही, कारण बंद केला की ती चुळबुळ करायची. घरात दुसरा आवाज नव्हता.

आता मला एवढंच विचारायचंय. माझ्या घरात, माझ्या मांडीवर, माझ्या नातीला झोप यायला या माणसाचं मशीन लागावं, हा कुठला न्याय? याला जबाबदार कोण? फोनवरचं उत्तर मी ऐकून घेणार नाही, पाटी कोरून पाठवली तर परत करीन. व्याह्यांनी स्वतः माझ्या दारात यावं, समोर बसून जाब द्यावा, आणि एकटं येऊ नये.