पोत्यातली गुप्ती

निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली, पण त्या पोत्याची आठवण झाली की अजूनही माझे डोके तापते.

नागपुरात नेमणूक होती. एका दुपारी आमच्या खबऱ्याचा फोन आला. सक्करदऱ्यात एक विधवा घरात हत्यारे ठेवते. चाकूंच्या पोत्यात तळाशी, निळ्या ताडपत्रीत गुंडाळलेली गुप्तीही आहे. सण तोंडावर होता. दोन पंच आणि महिला शिपाई घेऊन आम्ही निघालो.

बाई दारातच धार लावत बसली होती. पोते ओतले, तर स्वयंपाकघरातले जुने चाकू, सुऱ्या. आणि तळाशी निळ्या ताडपत्रीत खरोखरच गुप्ती.

"साहेब, हे चाकू सैपाकाचे हायेत," ती म्हणाली. "भंगारातून आणतो, गंज काढतो, नवी मूठ बसवतो न् बाजारात इकतो. पण हे लंबं हत्यार माहं नाही जी. मी तं आजच पाह्यलं."

असे सगळेच म्हणतात. पंचनामा करून तिला ठाण्यात आणले. पण मला खबर खटकत होती. फारच नेमकी होती. पोत्याचा तळ येणाऱ्याजाणाऱ्याला दिसत नाही. ठेवणाऱ्यालाच ठाऊक असतो. खबऱ्याला बोलावून दरडावले. ही माहिती त्याला बाईच्या सख्ख्या दिराने दिली होती.

दीर हात जोडूनच आत आला.

"भावजयीकडे जातोस?"

"नाही जी. भाऊ गेल्यापासून पायरी नाही चढलो. बोलणं बंद हाय."

"मग ताडपत्री निळी आहे, हे तुला कोणी सांगितले?"

शेवटी तो कबूल झाला. ती भंगार आणायला गेली असताना त्यानेच गुप्ती ठेवली होती.

"घर खाली करून नाही राहिली ते, साहेब. काय करू मंग?"

काय करू मंग! दोन खोल्यांसाठी भावाच्या बायकोला तुरुंगात धाडायचे, आणि तेही पोलिसांच्या हातून!

दिरावर गुन्हा नोंदवला, बाईला घरी सोडले. पण तोवर टेबलावर मांडलेल्या तिच्या चाकूंचा फोटो आमच्यातल्याच कोणीतरी बाहेर सोडला होता. 'शस्त्रसाठा जप्त' म्हणून तो मोबाइलवर फिरत होता. एका बातमीदाराला मी खरे काय ते छापायला सांगितले. तो हसला. "सुटल्याची बातमी कोण वाचते, साहेब?"

चाकू परत मिळाले, पण गिऱ्हाईक तिच्याकडे फिरकेना. मी बाजाराच्या दिवशी गणवेशात तिच्या दुकानापुढे उभा राहिलो आणि चार लोकांना ऐकू जाईल असे म्हणालो, "या बाईंचा काही गुन्हा नाही."

तिने मान वर केली. "पकडाले तं गाडी माह्या दारात आणली होती, साहेब. मंग इथं काहून सांगता? गल्लीत या न."

गेलो. दारोदार सांगितले. काहींनी ऐकले, काहींनी नुसते 'हो साहेब' म्हणून दार लावले.

खबर देणाऱ्याला आधी 'तुला कसे कळले?' हे विचारावे, एवढे मी पुढे प्रत्येक नव्या अधिकाऱ्याला सांगत आलो. मात्र एका फोनवर गेलेली अब्रू पायी हिंडून तिला पुरती परत देता आली, असे मी आजही म्हणू शकत नाही.