तिरडी वळली पाहिजे

तो कोणाच्याही घरी गेला की आधी दारात उभा राहून दोन्ही हात पसरायचा. एक हात या चौकटीला, दुसरा त्या चौकटीला. मग मान आत घालून वळण पाहायचा आणि म्हणायचा, "निघते." नाहीतर, "नाही निघत."

काय निघते ते सगळ्या वस्तीला माहीत होते. तिरडी.

मयत झाली की पहिला निरोप ज्याला जातो, असा एक माणूस तुमच्याही वस्तीत असेल. आमच्याकडे हा होता. राइस मिलमध्ये हमाली करायचा. लहानथोर सगळे त्याला मामाजी म्हणत. बांबू, सुतळी, मडके, सगळे तोच आणायचा, आणि रडणाऱ्यांना दम द्यायचा, "रडा, पण बाजूले होऊन रडा. गाठ बांधून राहिलो मी."

माझ्या मुलाच्या लग्नात नवी सून माप ओलांडून आत आली आणि तिच्या मागे याने दारात हात पसरले. मी ओरडले, "मामाजी, आज तरी हात खाली ठेवा!"

"काऊन चिडता, बाई? सुनेची अलमारी येईन ना. तिच्यासाठी पाहून राहिलो."

हे तो माझ्याकडे पाहून म्हणाला. अंगावर नजर फिरवून, माप घेतल्यासारखी.

आमची वस्ती गोंदियात, मिलच्या मागे. पुढच्या रांगेत आम्ही जुने, पट्टेवाले, म्हणजे जागेचा सरकारी पट्टा नावावर असलेले. मागच्या रांगेत जंगलातल्या चिचगडकडून कामाला आलेली माणसे, कुडाच्या घरात. वस्ती पाडून इमारत उभारायचे ठरले आणि भांडण सुरू झाले. तीन मजले की सात? तीन मजल्यांत आम्ही पट्टेवालेच मावत होतो. मागच्या रांगेला शहराबाहेर, पार बायपासच्या पलीकडे घरे मिळणार होती. सात मजले केले तर सगळे इथेच.

मला तीनच हवे होते. गुडघे माझे दुखतात, मागच्या रांगेचे नाही. मामाजीलाही तीनच हवे होते. तो तर दारोदार सांगत फिरला, "माणूस वर चढवाल, पण उतरवाल कसा?"

समाजमंदिरात बैठक झाली. इंजिनियर पोरगी होती, बोलायला गोड. भिंतीवर नकाशा लावून ती म्हणाली, "मामाजी, सात मजल्यांना लिफ्ट असेल."

"केवढी?"

"चार माणसं आरामात उभी राहतील."

"अन् मेल्यावर मले? मले का उभा करून आणान? स्नो-पावडर लावून?"

बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. पोरगीही हसली. मामाजी जिंकल्यासारखा बसला. पुढच्या रांगेने टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या.

तेव्हा मागून एक बाई उठली. चिचगडची, विड्यांसाठी तेंदूपाने तोडत वाढलेली, एरवी कधी तोंड न उघडणारी. तिचा नवरा पावसाळ्यात गेला होता. त्यांची गल्ली इतकी अरुंद की तिरडी तिरपी करून, भिंत खरवडत काढावी लागली होती. पुढे मामाजीच होता.

ती म्हणाली, "मामाजी, आमाले बायपासपल्याड पाठवून राहिले तुमी. तिथं आमच्या घरचं कोण उचलील?"

एवढेच म्हणून ती खाली बसली.

मामाजीने डोक्यावरची टोपी काढली, मांडीवर ठेवली. मान खाली घालून तिच्याकडे पाहत बसला. कोणीतरी कुजबुजले, "बुढा झोपला का?" मग तो उठला आणि नकाशासमोर जाऊन उभा राहिला.

"सात होऊ द्या," तो म्हणाला. "पण लिफ्ट लांब पायजे. अन् जिन्याच्या वळणावर तिरडी वळली पायजे. लाइट गेली तर माणूस मधात लटकला नाही पायजे."

"अरे, आत्ता तर तीन म्हणत होते!" मी म्हटले.

"म्हणत होतो. मंग? तुमाले खालचं घर द्यायले लावतो, बाई. बोंबलू नका."

पोरगीने पेन काढला. लांब लिफ्टला जागा जास्त लागते, खोल्या थोड्या लहान होतील, असे तिने स्पष्ट सांगितले. पुढची रांग कुरकुरली. पण मामाजीच्या तोंडावर नाही म्हणायची हिंमत कोणाची? ज्याच्या त्याच्या घरचे कोणीतरी त्याने उचलले होते. हात वर झाले. माझाही झाला, थोडा उशिरा.

मामाजीने इमारत पाहिली नाही. बांधकाम चालू असताना आम्ही रेल्वेलाइनीपलीकडे भाड्याने राहत होतो, तिथेच थंडीत गेला. तिरडी मागच्या रांगेच्या लोकांनी बांधली. गाठी काही त्याच्यासारख्या नव्हत्या. पण सुटल्या नाहीत.

आता आम्ही सगळे त्या इमारतीत राहतो. मी तळमजल्यावर, चिचगडवाली सातव्यावर. खोल्या लहानच आहेत, ते मी रोज बोलून दाखवते. लिफ्टमधून सोफे गेले, तांदळाची पोती गेली, मोडक्या पायाचा एक म्हातारा स्ट्रेचरवर गेला. तिरडी अजून एकही उतरली नाही.

मागच्या आठवड्यात चिचगडवालीची सून सरकारी दवाखान्यातून आली. ऑपरेशन करून बाळंत झालेली, उठून बसवत नव्हते. चौघांनी तिला बाजेवर घेऊन लिफ्टमध्ये नेले. मी दार धरून उभी होते. बाज आडवी आत गेली, कुठेही लागली नाही, आणि बाजेवर बाळाला छातीशी धरून ती सून गाढ झोपली होती. मीही सोबत वर गेले. सातवा मजला आला तरी तिला जाग आली नाही.