आक्काच्या ओळखीची माता

मॅट्रिकला शास्त्र विषयात मी मुलींत पहिली आले होते. वर्गात मुली तीनच होत्या, हे मात्र सासरी कुणाला सांगितलं नव्हतं. त्या पहिल्या नंबराच्या तोऱ्यात मी एका शहाण्या बाईला साफ चुकीचं शास्त्र शिकवलं, तेही हात नाचवून. ती बाई म्हणजे आक्का, माझी थोरली नणंद.

आक्काचा चेहरा पाहिला की नवखं माणूस आधी नजर खाली घाली. लहानपणी तिला देवी आल्या. त्यातून ती वाचली, पण तोंडभर वण राहिले. ठरलेलं लग्न मोडलं ते मोडलंच, आणि बुलढाण्याकडच्या धाड गावाजवळ, आमच्या गावात ती भावाकडेच राहिली. टाकी लावून खडबडीत केलेल्या जात्यासारखा चेहरा, ही उपमा माझी नव्हे, तिचीच. मी नवी नवरी चोरून बघतेय हे ओळखून म्हणाली, "पाह्य निवांत. देवानं टाकी लावली मले. दळण बारीक निंघते."

गावात कुणाच्या घरी माता आली, म्हणजे देवी, गोवर नाहीतर कांजण्या निघाल्या, की दाराला कडुनिंबाची डहाळी लागे, घरातली फोडणी बंद होई, आणि गल्लीतल्या बाया पलीकडच्या कडेनं चालू लागत. आक्का तेवढी सरळ आत शिरे. देवीची साथ होती तेव्हा तिनं कितीतरी लेकरं मांडीवर घेतली. पुढे देवी गेल्या, गोवर राहिला. लहानपणी गोवरही येऊन गेलेला, म्हणून त्या पोरांजवळही बसे. रोग्याशेजारी कोण बसेल हे तीच ठरवी. ज्याच्या अंगाची त्या मातेशी एकदा ओळख झाली, त्याला ती पुन्हा त्रास देत नाही, एवढा तिचा हिशेब.

कांजण्या असल्या की मात्र ती उंबरठ्याबाहेर बसे आणि तिथूनच हुकूम सोडी. पाला बदला, पोराची नखं कापा, पाणी कोमट करा. बाया हसत. देवीला न भ्यालेली ही बाई एवढ्याशा फोडांना भिते म्हणत. आक्का म्हणे, "हिची न् माही वळख झाली का नाही, हे सांगाले माय नाही राह्यली."

माझ्या थोरल्याला कांजण्या आल्या तेव्हा तो चार वर्षांचा होता आणि दुसऱ्या खेपेला मला दिवस भरत आले होते. मला कांजण्या कधी आल्या नव्हत्या. सासूबाई मी यायच्या आधीच गेलेल्या, घरात दुसरी बाई नव्हती. पोरगं आतल्या खोलीत माझ्या नावानं रडत होतं, मी बाहेर, आणि आक्का उंबरठ्यावर. तेव्हा मी तिला शिकवायला बसले. माझ्या दंडावरच्या देवीच्या लसीच्या दोन गोल खुणा दाखवल्या. अंगात शिपाई असतात म्हटलं, एकदा लढाई केली की ते तयार होतात. तुमच्या शिपायांनी देवीला हरवलंय, आक्का, ही तर तिची धाकटी बहीण, तुमच्यासमोर तिची काय टाप. पुस्तकात आहे म्हणून सांगितलं. पुस्तकात असलं काही नव्हतं. मला फक्त माझं पोर कुणाच्या तरी मांडीवर हवं होतं.

आक्का माझ्या दंडाकडे बघत राहिली. मग चपला काढून आत गेली.

पोरगं बरं झालं. खपल्या पडल्या, मरीमायला दहीभात झाला. त्यानंतर आक्काला ताप भरला. देवीच्या वणांमध्ये नवे फोड उठले. मोठ्या माणसाला हा आजार जड जातो म्हणतात, तो तिच्या छातीत उतरला. जीप करून तिला बुलढाण्याला नेलं.

तिथल्या डॉक्टरांनी मला आत सोडलं नाही, माझ्या पोटाकडे बघूनच थांबवलं. मी तेव्हाही वाद घातला, म्हटलं देवी झालेल्या बाईला कांजण्या कशा होतील? ते चिडले नाहीत, आणि ते जास्त लागलं. म्हणाले, एसटी स्टँडवर पाकीटमारांचे फोटो लावतात ना, तसं आहे. ज्याचा फोटो लागला तो आत येताच धरला जातो. नवा चोर आला की त्याचं तोंड ओळखायला, त्याच्यासाठी वेगळे शिपाई उभे करायला शरीराला वेळ लागतो. तोवर तो खिसे कापत असतो. निभावलं तर त्याचाही फोटो अंगात जन्मभर लागतो. तुमच्या नणंदेच्या अंगात देवीचा फोटो आहे, हिचा नव्हता. धाकटी बहीण वगैरे काही नसतं.

म्हणजे आक्का उंबरठ्यावर बसत होती तेच बरोबर होतं.

आता नातवाला लस द्यायला नेतो तेव्हा तो भोकाड पसरून विचारतो, एवढ्या सुया काऊन? मी त्याला सांगते, एकेका सुईत एकेका चोराचा फोटो आहे, बाप्पा. तो गप्प होतो. त्याच्या आजीला हे कुठं आणि कितीला पडलं, ते सांगत नाही.

आक्का त्या दवाखान्यातून घरी आली नाही. ती गेली त्याच्या आदल्या संध्याकाळी मी व्हरांड्यातल्या खिडकीशी उभी होते. गजांमधून तिची खाट दिसत होती. मी तिथूनच सांगितलं, आक्का, मी खोटं बोलले, पुस्तकात तसं नव्हतं. तिला धाप लागलेली. तिनं माझ्या पोटाकडे बघितलं. मग एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "काऊन रडून राह्यली वं? आता झाली ना हिची बी वळख. तुह्या या लेकराले आली की मलेच बोलाव. आता उंबऱ्याबाहीर नाही बसत मी."