अर्जात न घातलेलं नाव

भावकीची भांडणं मिटवण्यात माझे वडील पटाईत. येरमाळ्याच्या आसपास कुणाच्या बांधावर कुऱ्हाडी निघाल्या की लोक पोलिसांच्या आधी आमच्या ओट्यावर यायचे. एसटीत कंडक्टर म्हणून उभी हयात भांडणं सोडवण्यातच गेली, असं अण्णा कौतुकानं सांगायचे. सख्ख्या धाकट्या भावाशी मात्र त्यांनी बारा वर्षं तोंड उघडलं नव्हतं. कारण हातभर बांध. त्यावर धड गवतही उगवत नाही. हे त्यांच्या तोंडावर बोलायची कुणाची छाती नव्हती, माझीही नाही.

गेल्या वर्षी त्यांना एका परक्या देशाच्या भांडणात डोकं घालावं लागलं. म्यानमारचं लष्करी सरकार आणि तिथल्या सरहद्दीवरच्या डोंगरांत राहणाऱ्या एका जमातीची बंडखोर फौज, यांच्यात युद्धबंदीची बोलणी चालली होती. मी शाळेत भूगोल शिकवते, तरी तो डोंगर मला नकाशात शोधावा लागला. माझा धाकटा भाऊ तिथं एका कुंपणाआड कोंडलेला होता.

बँकॉकला कॉम्प्युटरवर टायपिंगचं काम म्हणून तो गेला. विमानतळावरून गाडीत घातलं, सरहद्दीवरची नदी ओलांडून म्यानमारात नेलं, आणि दुसऱ्या दिवसापासून फोनवर गोड बोलून लोकांना गंडवायच्या कामाला जुंपलं. काम कमी झालं की मार. हे सगळं त्यानं कुणाचा तरी फोन चोरून मला सांगितलं. शाळेत पोरं खिचडी खायला रांगेत बसली होती आणि मी भिंतीकडं तोंड करून ऐकत होते. शेवटी तो म्हणाला, "ताई, आप्पाचा पोरगा बी हितंच हाय. त्याच्या घरी ठाव न्हाय. त्यास्नी वाटतंय, हाटेलात कामाला हाय."

आप्पा म्हणजे बांधापलीकडचे माझे काका. दोन्ही घरांत विस्तव जात नव्हता, पण ही दोन पोरं लहानपणापासून येडेश्वरीच्या यात्रेत एका पाळण्यात बसायची आणि घरी येताना वेगवेगळ्या रस्त्यानं यायची. नोकरीची जाहिरात चुलतभावाला दिसली होती. आधी तो गेला, मागून आमचा.

मी घरी येऊन अण्णांना सगळं सांगितलं. त्यांचं पहिलं वाक्य होतं, "त्यानंच नेलं." मग म्हणाले, "आदी आपलं लेकरू येऊ दे, मग सांगू त्यास्नी. आत्ता सांगितलं तर गावभर बोभाटा करतील, आन् दोघं बी जातील जिवानिशी." ऐकायला शहाणपणाचं वाटलं. अण्णांचं सगळंच ऐकायला शहाणपणाचं वाटतं. आणि खरं सांगायचं तर मलाही तेव्हा फक्त माझाच भाऊ दिसत होता.

धाराशिवला कलेक्टर ऑफिसात द्यायचा अर्ज मी लिहिला. नाव, पासपोर्टचा नंबर, फोटो. टेबलावरच्या बाईंनी अर्ज वाचला आणि विचारलं, तुमच्या ओळखीचं आणखी कुणी आहे का तिकडं, असलं तर याच अर्जात घाला. मी अण्णांकडं बघितलं. ते छताच्या पंख्याकडं बघत होते. मी 'नाही' म्हणाले. अण्णा काहीच बोलले नव्हते. तो शब्द माझ्या तोंडातून गेला.

मग बोलणी. तो डोंगर बंडखोरांच्या ताब्यात, बाहेरचा रस्ता लष्कराच्या. बंदुका थांबल्याशिवाय कुणी सुटणार नव्हतं. अण्णा चष्मा लावून माझ्या फोनवरचे फोटो न्याहाळायचे. एका बाजूला छातीवर बिल्ले लावलेले अधिकारी, दुसऱ्या बाजूला लुंगीसारखं काही नेसलेले, सुरकुतलेले पुढारी. पहिल्या बैठकीचा फोटो बघून त्यांनी निकाल दिला की हे काही मिटत नाही, दोन्हीकडचे दाराकडं तोंड करून बसलेत. म्हणाले, माणसं एकमेकांच्या लेकराबाळांची चौकशी करायला लागली की समजायचं, आता मिटलं. हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. मला संताप आला, आणि तो मी गिळला.

त्याच दिवसांत काकू मला एसटीच्या थांब्यावर भेटायची. तिनं माझ्याशी कधी अबोला धरला नव्हता. लेकाचा फोन लागत न्हाय म्हणायची, हाटेलात लई काम आसंल. मी म्हणायचे, रेंज नसेल काकू. महिनाभर मी त्या बाईला रेंज सांगत होते.

आणि बोलणी जमली. थोड्या दिवसांपुरत्या बंदुका बंद ठेवायच्या आणि कोंडलेली परदेशी माणसं नदीवरच्या पुलावरून सोडायची, असं ठरलं. आपल्या वकिलातीच्या यादीत ज्यांची नावं होती, त्यांनाच सोडलं. आमचा भाऊ आला. अण्णा पुण्याला जाऊन त्याला घेऊन आले. आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, गल्ली गोळा झाली. सगळे गेल्यावर तो मला म्हणाला, "ताई, त्याचं नाव का नव्हतं?"

पुलाच्या तोंडाशी दोघं एका रांगेत उभे होते. यादी वाचणाऱ्याला चुलतभावानं आपलं नाव तीनदा सांगितलं. तीनदा त्यानं कागदावरून बोट फिरवलं आणि मान हलवली. मग त्याला मागं फिरवलं. जाताना तो माझ्या भावाला म्हणाला, "तू जा पुढं. माझं दुसऱ्या यादीत आसंल. अण्णा हायेत म्हणल्यावर त्यांनी दिलंच आसंल."

दुसरी यादी निघालीच नाही. आठवड्याभरात युद्धबंदी मोडली. पहिली गोळी समोरच्यांनी झाडली, असं दोन्ही बाजू सांगत होत्या. ती बातमी मी अण्णांना दाखवली. त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि कसलाही निकाल दिला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते बारा वर्षांनी बांध ओलांडून भावाच्या घरी गेले. तिथं काय बोलले, आजवर सांगितलेलं नाही. परत आले ते तडक गोठ्यात गेले आणि संध्याकाळपर्यंत तिथंच बसून राहिले. आता भांडणं घेऊन लोक आले तर बरं नाही म्हणून आतूनच सांगायला लावतात.

दोन दिवसांनी मधल्या सुट्टीत काकू शाळेत आली. पिशवीत लेकाचा फोटो आणि आधार कार्ड. अर्ज लिहून दे म्हणाली. मी कागद पुढं ओढला. तिनं विचारलं, भावाचा अर्ज कुणी लिहिला होता. मी म्हणाले, मीच.

तिनं कोऱ्या कागदावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "तवा त्याचं बी नाव बसलं नसतं का त्यात?"

"बसलं असतं, काकू."

मला वाटलं, आता ती थोबाडीत मारील. मारली असती तर बरं झालं असतं. तिनं फोटो माझ्यासमोर सरळ करून ठेवला.

"लिव मग," म्हणाली.

नदीवरचा तो पूल उडवल्याची बातमी मी सकाळीच वाचली होती. तिला सांगितली नाही. वर तारीख टाकली आणि त्याचं नाव लिहिलं.