आत्याने मोजायला लावलेले बिंदू

माझ्या आत्याचा उद्योग बिंदू मोजण्याचा. एखादं समीकरण घ्यायचं आणि मोजक्याच संख्या असलेल्या जगात त्याला किती उत्तरं आहेत ते शोधायचं. पाचाच्या जगात शून्य ते चार एवढ्याच संख्या. घड्याळाचा काटा फिरून येतो तसं चारानंतर पुन्हा शून्य. प्रत्येक उत्तर म्हणजे एक बिंदू. सगळीकडे शून्य घातलं तर ते उत्तर धरत नाहीत, ती लबाडी झाली. कॉलेजातून आली की ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर हेच करत बसायची. दूध उतू गेलं तर दोष दुधाचा.

तरुणपणी तिने एक प्रमेय सिद्ध केलं होतं: चार चलांच्या, चौथ्या घाताच्या समीकरणाचं पृष्ठ गुळगुळीत असेल, म्हणजे त्याला कुठे टोक किंवा घडी नसेल, तर त्यावर एक तरी बिंदू सापडतोच, मात्र जग पुरेसं मोठं हवं. तिच्या मार्गदर्शकाने ते एका मासिकात सरळ स्वतःच्या नावावर छापलं. तिच्या वाट्याला तळटीपेतले आभार. वर ती मोठ्या जगाची अट त्याच्या डोळ्यांत खुपली, म्हणून काढून टाकली. लहान जगांबद्दल लिहिलं, ‘हे सहज पडताळता येते.’ गणितात असं लिहिणारा माणूस बहुधा काहीच पडताळत नाही. आमच्या घरात त्याचं नाव ‘चोर सर’.

चूक आत्याला वाचतानाच दिसली होती. तरी ती वर्षानुवर्षं गप्प. मी चिडायचे. “अगं आत्या, एक पत्र टाक ना त्या मासिकाला!”

“म्हणजे तो दुरुस्ती करणार आणि तीही स्वतःच्या नावावर खपवणार. थांब जरा. चढू दे त्याला अजून वर.”

तिने डूख धरला होता, आणि मला ती त्यासाठीच आवडायची.

शेवटी त्याच्या सत्काराची परिषद भरली. सभागृह गच्च. त्याने प्रमेय फळ्यावर लिहिलं, टाळ्या झाल्या, आणि आत्या प्रश्न विचारायला उठली.

“सर, चार संख्यांच्या चौथ्या घातांची बेरीज शून्य. पाचाच्या जगात बिंदू मोजून दाखवता?”

तो हसत फळ्याकडे वळला. एकाचा चौथा घात एक. दोनाचा सोळा, पाचाच्या तीन फेऱ्या काढल्या की तोही एक. तिनाचा एक्क्याऐंशी, पुन्हा एक. चाराचाही एक. प्रत्येक पद शून्य किंवा एक. बेरीज फार तर चार. शून्यावर यायला पाच हवेत. त्याचा खडू थांबला.

“किती झाले, सर?”

“एकही नाही,” तो पुटपुटला.

“मागे ऐकू येत नाही!” मी ओरडले. मला अजिबात लाज वाटली नाही.

“मग अट काय घालायची?” अध्यक्षबाईंनी त्याला विचारलं. तो फळ्याकडे बघत राहिला. सिद्धता त्याची असती तर सांगता आलं असतं.

“विसाच्या पुढची जगं चालतात,” आत्या म्हणाली. “मूळ सिद्धतेत आहे ते.”

“मूळ? कुणाच्या?”

“सरांना माहीत आहे. खडूही त्यांच्याच हातात आहे. लिहू द्या त्यांना, प्रमेयाच्या वर.”

त्याने तिचं नाव लिहिलं आणि खडू ठेवायला हात खाली नेला.

“आडनावही,” आत्या म्हणाली, आणि ते लिहून होईपर्यंत उभी राहिली.