उजव्या हाताची भिंत

४ ऑगस्ट, सोमवार, सकाळी ०७००. जागा: जुना जालना, हनीफचं घर. हजर: निवृत्त नाईक हनीफ, सध्या एमआयडीसीत सळई कारखान्याच्या गेटवर गार्ड, त्याची बायको रशीदाभाभी, मी, निवृत्त हवालदार, फौजेत नर्सिंग असिस्टंट. भिंतीवर, फोटोत, लान्स नाईक गणपत.

पोस्टवर गोळीबार झाला त्या सकाळी हनीफची मांडी मोडली. गणपतने त्याला ओढत बंकरमध्ये आणलं. मी रेडिओवर होतो.

"कॅज्युअल्टी किती? ओव्हर."

"एक. ओव्हर."

सेट खाली ठेवेपर्यंत दोन झाल्या होत्या. दुसरा गणपत.

हनीफचं हाड जुळलं, पण त्या पायाच्या शिरेत रक्ताची गाठ झाली. शिरेच्या झडपा निकामी झाल्या, रक्त खाली साचू लागलं. दरवर्षी आम्ही दोघं जाफराबादहून गणपतच्या गावी पायी जायचो, त्याच्या आईला भेटायला. दोन वर्षांपूर्वी हनीफच्या घोट्यावर जखम झाली आणि ते थांबलं.

डॉक्टरांनी पायाचा रक्तपुरवठा तपासून दाबाची पट्टी सांगितली. ती दर सोमवारी मी बांधतो. जखम मोजली. पाच सेंटिमीटर. महिनाभर तेवढीच. मी कामांची यादी काढली, झालं की खूण करायची.

"शुगर?"

"नॉर्मल."

"ड्युटीवर उभाच असतोस?"

"न्हाई. खुर्ची घेतली. मधून मधून चालतो बी."

"पट्टी सोडतोस?"

"बिलकुल न्हाई."

"झोपताना पाय वर?"

"बराबर."

रशीदाभाभींनी चहा ठेवला. "झूठ नका बोलू. पायाखालच्या दोन्ही उशा कोऱ्याच्या कोऱ्या पडल्यात."

हनीफने फोटोकडे बोट केलं. "समोर गणपत हाये ना. त्याच्या तोंडाकडं पाय कसे वर करू?"

बाज फिरवली तर पाय पश्चिमेला, नमाजाच्या दिशेला येत. आडवी ती खोलीत मावेना.

"फोटो काढू?"

"त्याला हलवू नको."

मी फोटोसमोर सावधान उभा राहिलो. "लान्स नाईक गणपत, पोस्ट बदल. उजव्या हाताची भिंत. काम: नाईक हनीफवर नजर."

खिळा मीच ठोकला. हनीफने पाय उशांवर ठेवले आणि मान वळवून पाहिलं.

"आता बाजूला आला. घोरलो तर लाथ मारंल."

"मारू दे," भाभी म्हणाल्या. "मला तरी आराम."

आठ सोमवार झाले. जखम दोन सेंटिमीटर. ती भरली तरी दाबाचा मोजा कायम राहील, नाहीतर पुन्हा उघडेल. हे हनीफला दोनदा सांगून झालं.

गणपतच्या आईचा फोन येतो. "दोघं कवा येता?"

यादीतली एकच ओळ खुणेविना आहे: जाफराबाद ते गणपतचं गाव, पायी, हनीफसोबत.