अंगारा आप्पांच्या कपाळावर

डॉक्टरांनी माझ्या छातीवरचा स्टेथोस्कोप उचलला, दार उघडलं आणि बाहेर बसलेल्या आप्पांना, माझ्या वडिलांना, आत बोलावलं. मी डॉक्टरांना एकट्यात विश्वासाने सांगितलं होतं, की मला पुरुष आवडतात आणि घरी कळेल या धास्तीने झोप उडालीय, जेवण जात नाही, छाती धडधडते. धडधडीवर औषध मागायला गेलो होतो. "लग्न लावून द्या याचं," एवढंच औषध मिळालं, आणि तेही आप्पांच्या हातात! हे लिहिताना आजही मला संताप आवरत नाही. पोरं आजार अंगावर काढतात, कारण दवाखान्यात तोंड उघडलं की अब्रू जाते, असली पत्रकं मीच नगरच्या कॉलेजांबाहेर वाटत होतो. ते माझ्यावरच येईल असं मात्र कधी वाटलं नव्हतं.

त्यानंतर भिंगारच्या आमच्या घरात आप्पा माझ्याशी बोलेनात. आई ताट वाढायची आणि मी न शिवलेल्या भाकरीकडे बघत बसायची. शेवटी तिने बेलापूरजवळच्या तिच्या माहेरच्या वस्तीवरच्या देवीच्या ठाण्याचा विषय काढला. तिथल्या आक्कांच्या अंगात मंगळवारी देवी येते. असल्या प्रकारांविरुद्ध मी भर चौकात ओरडलेलो, पण भांडायला अंगात त्राणच नव्हतं. गेलो. मनात एकच ठरवलं होतं. इथेही माझी लाज निघाली, तर परत घरी जायचं नाही. कुठेच जायचं नाही.

ठाण्यावर गाऱ्हाणं सगळ्यांसमोर मोठ्याने मांडायचं, मग बाधा झालेल्याच्या कपाळाला देवी अंगारा लावते, अशी रीत. आक्का घुमत होत्या. आई पुढे झाली. माझ्या शेजारी आप्पा उभे होते.

"माये, पोराला बाहेरची बाधा झालीया."

"काय करतंय त्ये?"

आईचं तोंड उघडेना. मागून एक बाई कुजबुजली, "पीत आसंल." दुसरी म्हणाली, "न्हाई गं, पोरीचं लफडं दिसतंय." कुणीतरी फिसकन हसलं.

"चोरी करतंय? तुज्यावर हात उगारतंय?"

"न्हाई माये. जेवत न्हाई, झोपत न्हाई."

"कशापायी?"

आई रडायलाच लागली. तेव्हा मी बोललो. कसा बोललो, ठाऊक नाही. "माझं मन बाईवर जात नाही, पुरुषावर जातं. यांना माझी लाज वाटते, म्हणून मला जेवण जात नाही."  मी डोळे मिटले. आता केस धरून ओढतील, झाडूने मारतील, काय करायचं ते करोत.

पावलं माझ्यासमोर आली, थांबली आणि पुढे गेली. डोळे उघडले तर आक्कांनी अंगाऱ्याचा अंगठा आप्पांच्या कपाळावर दाबून धरला होता. "बाधा हितं हाय. लाजंची. लेकराला काय बी झालं न्हाई. त्याला जेवू घाल, चांगल्या डाक्टरला दाव."

मी सुन्न झालो. आप्पा माझ्याहून सुन्न. आणि देवीचा अंगारा पुसता तर येत नाही! सगळी वस्ती बघत होती, मग एसटीतले लोक बघत होते, आणि आप्पा कपाळावर ती राख घेऊन बसले होते. श्रीरामपूरच्या स्टँडवर त्यांनी केळी घेतली आणि एक सोलून माझ्या हातात दिलं. मी खाल्लं.

पुढच्या आठवड्यात नगरच्या एका डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना आत बोलावलं, तर आप्पा दारातच थांबले. "त्याला काय इचारायचं त्ये त्यालाच इचारा, म्याडम. मी भाईर बसतो."

ती देवी होती की आक्का, हे मी कधी विचारलं नाही. पत्रकं अजून वाटतो, आणि त्या पहिल्या डॉक्टरांसारख्यांना सोडणार नाही. पण त्या मंगळवारी माझ्याकडे एकही मुद्दा उरला नव्हता. खरं तेवढं बोललो आणि डोळे मिटले, बाकीचं तिने केलं. शरण जाणं म्हणतात ते मला एवढंच कळलंय, आणि जन्मभर मी तिचा ऋणी आहे.

मंगळवारी आप्पा देवापुढे दिवा लावतात. अंगारा आधी स्वतःच्या कपाळाला लावतात, मग माझ्याकडे वळून विचारतात, "जेवलास का रं?"